वाट सांगणारा आणि वळणारा

बंगळूरच्या रस्त्यांवर सकाळी नऊच्या सुमारास जे मोटारसायकलस्वार दिसतात, त्यांतील पुष्कळांच्या हँडलवर मोबाइल बसविलेला असतो आणि हेल्मेटखाली कानांत इअरफोन असतो. एकच यंत्र त्यांस वाट सांगते आणि गाणेही ऐकविते. या दोन कामांत कायद्याने भेद केला आहे. 2019 च्या दुरुस्तीने, वाहन चालविताना हाती धरावयाच्या संपर्कसाधनाचा वापर धोकादायक वाहनचालनात गणला गेला; पुढे ऑक्टोबर 2020 पासून अमलात आलेल्या नियमाने केवळ वाट शोधण्यासाठी, तेही चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने, त्याच्या वापरास मुभा मिळाली. म्हणजे वाट ही गरज आणि गाणे हा शौक. रस्त्यावरच्या पोलिसाला हा भेद पुरेसा आहे. सदसद्विवेकाला तो पुरतो काय, याविषयी आम्ही साशंक आहोत.

गाण्यासंबंधी फार बोलावयास नको. डोळे पुढे लागलेले असता मागून येणारी रुग्णवाहिका किंवा पाण्याचा टँकर प्रथम कानांनाच कळतो. तो कान गाण्याला देऊन टाकण्याचा अधिकार स्वाराला एकट्याला नाही. शिवाय त्यात गाण्याचे तरी काय भले होते? भीमसेन जोशींनी मराठी अभंग गाइले तशी कन्नड दासांची पदेही गाइली, म्हणून येथील मराठी माणसाला त्यांचा दुहेरी लोभ. पण इंजिनाच्या घरघरीत त्यांचा विलंबित ख्याल ज्याला ऐकू येतो, त्याने तो ऐकला असे आम्ही म्हणणार नाही.

खरा गुंता आहे तो ज्याला कायद्याने निर्दोष ठरविले त्या वाटाड्यात. वीस हजार किलोमीटरांहून अधिक उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांपैकी निदान चारांचे संकेत मिळाले म्हणजे आपले ठिकाण निश्चित होते. त्या उपग्रहांवरील घड्याळे दिवसाकाठी एका सेकंदाच्या दशलक्षांश भागांपैकी सुमारे 38 भाग पुढे जातात आणि तोही फरक हिशेबात धरलेला असतो! आमच्या या शहरातच मुख्यालय असलेल्या इस्रोने 2013 ते 2016 या काळात अशाच कामासाठी भारताचे स्वतःचे उपग्रह सोडले. परंतु ही सारी अचूकता आपण कोठे आहोत एवढेच सांगते. कोठून जावे, हे आकाश सांगत नाही. ते पुढे चाललेल्या इतरांच्या मोबाइलांचा वेग पाहून एखाद्या कंपनीचा हिशेब ठरवितो, आणि त्या हिशेबाचे मुख्य माप म्हणजे वेळ. पहिली गोष्ट वस्तुस्थिती, दुसरी केवळ सल्ला. दोन्ही एकाच आवाजात, एकाच निश्चयाने कानी पडत असल्यामुळे सल्ल्याला वस्तुस्थितीचा अधिकार चढतो.

सिल्क बोर्ड चौकात वाहने तुंबली, की हा आवाज एखाद्या वस्तीतल्या गल्लीत वळावयास सांगतो. चार मिनिटे वाचतात. तोच हिशेब मागच्या शंभर जणांनाही तेच सांगतो, आणि जेथे मुले सायकल शिकत होती, म्हातारी माणसे भाजी घेऊन निवांत परतत होती, तेथून वाहनांची रांग वाहू लागते. हे कोणी ठरविले? स्वार म्हणेल, नकाशाने सांगितले. आम्ही सरकारी कारकून. हे उत्तर आम्हांस चांगले परिचयाचे आहे. 'आदेशान्वये कार्यवाही केली' असे आम्हीही लिहितो, आणि ते प्रामाणिक असते. कारण त्या आदेशाखाली कोणाची तरी सही असते व त्या सहीला जाब विचारता येतो. एवढेच नव्हे, आदेश नियमाशी विसंगत असेल तर तसे टिपणीत मांडणे हे कनिष्ठातल्या कनिष्ठ कारकुनाचेही काम आहे. नकाशाच्या आदेशाखाली सही नाही, आणि टिपणी लिहिण्याची कोणाला सवय राहिलेली नाही.

पूर्वी चौकातल्या शहाळेवाल्याला वाट विचारीत. तो हात लांब करून 'नेर होगी' म्हणे आणि आपण वळेपर्यंत पाहत राही. त्याचे चुकले तर परत येऊन त्याला बोलता येई, आणि तो ओशाळे. गल्लीतून जाऊ नका, तेथे शाळा सुटते, हेही तोच सांगे. त्याच्या सांगण्यात त्या जागेची काळजी होती असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण तो त्याच जागी उद्याही बसणार होता, एवढे खरे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. घरोघर जेवण पोहोचविणाऱ्या मुलाला ही निवड कोठे आहे? त्याची वाट, वेळ आणि मिळकत तिन्ही त्या मोबाइलातूनच येतात. अशा कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी कर्नाटकाने 2025 साली कायदा केला, हे योग्यच झाले. वळावयाचे की नाही हे ठरविण्याची मोकळीक कोरमंगलच्या केंद्रीय सदनाकडे निघालेल्या कारकुनाला आहे, तेवढी त्याला नाही. तेव्हा दोषही तेवढा नाही. त्याच्या वळणाचा काही भाग मग जेवण मागविणाऱ्या घराच्या खाती मांडावा लागेल, आणि ते घर पुष्कळदा त्याच गल्लीत असते.