सलोख्याचें मोल

दोन समाजांमध्यें पिढ्यान्‌पिढ्यांचें अंतर पडलेलें असतां उभय पक्षांतील कांहीं सुबुद्ध नागरिकांनीं एकत्र यावें, मंडळ स्थापावें आणि मनें जुळविण्याचा उद्योग करावा, ही कल्पना कोणासही प्रथमदर्शनीं प्रिय वाटेल. अशा उद्योगाची थट्टा करणारे लोक आहेत, तसे त्याचें अवास्तव स्तोम माजविणारेही आहेत. आम्हांस या दोहोंपैकीं कोणाचीच बाजू घ्यावयाची नाहीं. प्रश्न एवढाच कीं, अशा कार्याचें मोल कोणत्या मापानें ठरवावें? भांडण न होणें म्हणजेच सलोखा काय?

उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. १९२४ च्या जुलैंत मुंबईस बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते, सभेचें अध्यक्षपद सर चिमणलाल सेटलवाड यांजकडे होतें, आणि उपाध्यक्षांत नाना जातिधर्मांचे प्रतिष्ठित गृहस्थ होते. या सभेनें १९२५ च्या जानेवारींत आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणीं, सोलापुरास, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह उघडलें. सद्भावनेस येथें जेवणाचें ताट, अंगावरचा कपडा आणि वह्यापुस्तकें असें रूप मिळालें. व्याख्यानांनीं जें साधत नाहीं, तें अशा एका वसतिगृहानें साधतें.

परंतु केवळ साह्य म्हणजे न्याय नव्हे, हें महाडनें शिकविलें. तेथील नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें सर्वांस खुलें करण्याचा ठराव केला. ठराव उत्तम होता. मात्र पुढें तीन वर्षें तो दप्तरांतच राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर आपल्या सहस्रावधि अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हां कोठें त्याचा अर्थ लोकांस कळला. मागाहून मारहाण झाली, आणि त्याच वर्षीं नगरपालिकेनें ठराव मागें घेतला. आतां विचार करावा, आदल्या दिवसापर्यंत महाडांत शांतता नव्हती काय? होती. पण ती तहानलेल्याच्या मौनावर उभी होती. त्या लढ्यांत सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांसारखे स्पृश्य गृहस्थ स्वजनांचा रोष पत्करून उभे राहिले. यांनीं सलोखा बिघडविला असें तत्कालीन शहाणे म्हणाले असतील. आम्हांस वाटतें, खऱ्या सलोख्याचा पाया घालणाऱ्यांत हेच होते.

अमेरिकेचा अनुभव याहून निराळा नाहीं. तेथील दक्षिण भागांत, अटलांटा येथें, १९१९ सालीं गोऱ्या व काळ्या नागरिकांचें एक सहकार्य-मंडळ निघालें. जमावानें काळ्या माणसांस ठार मारण्याच्या अमानुष प्रकारांविरुद्ध त्यानें लोकमत जागें केलें, हें त्याचें श्रेय निःसंशय मोठें. पण शाळा वेगळ्या, गाडींतील बांकें वेगळीं, या व्यवस्थेच्या मुळाला त्यानें हात घातला नाहीं. पुढें १९६३ सालीं मार्टिन लूथर किंग यांनीं बर्मिंगहॅमच्या तुरुंगांतून जें प्रसिद्ध पत्र लिहिलें, त्यांतील त्यांची खंत उघड वैऱ्यांपेक्षां 'अजून थोडें थांबा' असें सांगणाऱ्या मवाळ गोऱ्यांविषयींच अधिक आहे. थांबण्याचा उपदेश जो करतो त्यास स्वतः कांहींच सोसावें लागत नाहीं, हाच त्या उपदेशांतील दोष होय.

यावर कोणी म्हणेल, आग्रहानें मनें बदलत नाहींत, तीं हळूहळूच बदलावयाचीं. यांत तथ्य आहे. पण तें हळूहळू किती, आणि तोंवर किंमत कोणीं द्यावयाची? आषाढीस तुकोबांची पालखी अकलूज सोडून आमच्या श्रीपुरावरून बोरगांवाकडे जाते. वारींत वारकरी एकमेकांच्या पायां पडतात. तथापि शतकानुशतकें ही समता पंढरपुरास महाद्वाराशीं येऊन थांबत असे. चोखोबांची समाधि पायरीपाशीं बाहेरच आहे. साने गुरुजींनीं महाराष्ट्रभर हिंडून लोकमत तयार केलें आणि १ मे १९४७ रोजीं पंढरपुरांत उपोषण आरंभिलें. दादासाहेब मावळंकर यांच्या मध्यस्थीनें बडव्यांनीं मंदिर खुलें करण्याचें मान्य केल्यावर १० मे रोजीं तें सुटलें. गुरुजींनीं अस्पृश्यांस धीर धरण्यास सांगितलें नाहीं. आपल्याच समाजापुढें स्वतःचा प्राण पणास लावला. मध्यस्थाची हीच खरी नीति होय.

आणि तरीही उशीर व्हावयाचा तो झालाच होता. हिंदु म्हणून आपण मरणार नाहीं, असें डॉ. आंबेडकरांनीं १९३५ सालींच येवल्यास जाहीर केलें होतें. १९५६ सालीं नागपुरास लाखो लोक त्यांच्यामागून बौद्ध धर्मांत गेले. ज्यांच्यासाठीं दार उघडलें, त्यांतील पुष्कळांस त्या दाराची ओढच उरली नव्हती. दीर्घकाळ दिलेला नकार मागाहून परत घेतां येतो. त्या काळांत तुटलेलें मन मात्र तसें परत मिळत नाहीं.

म्हणून आमचें माप साधें आहे. सलोख्याच्या मंडळांत बसणाऱ्यानें दोन गोष्टी स्वतःस विचाराव्या. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांस काय हवें, हें मीं त्यांच्याच तोंडून ऐकलें आहे काय? आणि या कार्यापायीं माझें स्वतःचें काय खर्चीं पडलें? सभेंत बंधुतेवर बोलून घरीं आल्यावर भाडेकरूस खोली देतांना आधीं आडनांव विचारणारा, किंवा मुलीच्या विवाहाचा विषय निघतांच जातीच्या कुंपणांत शिरणारा सुशिक्षित गृहस्थ आपणांस अपरिचित नाहीं. त्याचे शब्द खोटे असतात असें नव्हे. त्यांची किंमत त्यानें अद्याप दिलेली नसते. ती देण्याचे प्रसंग व्यासपीठावर क्वचित् येतात. घरांत मात्र नित्य येतात, आणि आपल्या सद्भावनेची परीक्षा तेथेंच व्हावयाची असते.