सवलतीचे मोल

वस्तूची खरी किंमत कोणती, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांचा म्हणून आपण सोडून देतो. परंतु तो आपल्या दारी येतो, तेव्हा नीतीचा होऊन येतो. आमचा एक पुतण्या छायाचित्रकार आहे. लग्नसराईच्या तोंडावर तो आला आणि म्हणाला, “काका, फोटो सुधारण्याचे सॉफ्टवेअर अध्यापकांना पुष्कळ स्वस्त मिळते. तुमच्या नावाने घेऊन द्या ना! कंपनीचे त्यात काय जाते? पूर्ण किमतीला मी ते घेणारच नव्हतो.”

त्याच्या बोलण्यात तथ्य नाही, असे आम्हांस म्हणवेना. भ्रमणध्वनी घ्या की दूरचित्रवाणीचा संच घ्या, प्रत्येक नगास काच, धातू व श्रम लागतात. त्यामुळे सवलतीस कोठे तरी तळ असतो. सॉफ्टवेअर एकदा सिद्ध झाले, की त्याची दुसरी प्रत जवळजवळ फुकट निघते. तेथे किंमत ठरते ती खर्चावरून नव्हे, तर घेणाऱ्याच्या ऐपतीवरून. ही रीत जुनीच आहे. तिसऱ्या वर्गाच्या आगगाडीच्या डब्यांना छप्पर नसे, ते त्याचा खर्च जड म्हणून नव्हे, तर वरच्या वर्गाचे भाडे देऊ शकणाराने तेथे बसू नये म्हणून, असे द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने १८४९ साली दाखविले. १९९१ साली इंटेलने ४८६एसएक्स ही चिप काढली, तीत गणिताचा भाग मुद्दाम बंद करून ती कमी दराने विकली.

व्यापाऱ्यांची रीत अशी असता ग्राहकानेच सोवळे का पाळावे, असे कोणी विचारील. आम्हांस येथे दोन प्रकार वेगळे करावेसे वाटतात. सणासुदीची सूट सर्वांस खुली असते. ती घेण्यात दोष नाही. वेष्टणावर छापलेली कमाल किरकोळ किंमत ही केवळ वरची मर्यादा होय, योग्य किंमत नव्हे, एवढे ध्यानात ठेवले व नको असलेली वस्तू घरी आणली नाही, म्हणजे झाले. अध्यापकांच्या सवलतीचे तसे नाही. तेथे पैशाबरोबर आपण एक विधानही देतो, की मी अध्यापक आहे व हे अध्यापनासाठी घेत आहे. ते खोटे दिले, तर कंपनीचे कदाचित काहीच जात नाही. परंतु अशी विधाने वाढली, की पुरावे मागितले जातात, आणि तो जाच खऱ्या विद्यार्थ्यासच सोसावा लागतो.

याहून कठीण मुद्दा निराळाच आहे. पुतण्याची मिळकत आमच्या वेतनाहून कमी आहे. न्यायाने पाहता सवलत त्यास मिळावयास हवी, आम्हांस नव्हे. हे आम्ही मान्य करतो. तथापि व्यवस्थेतील अन्याय खोट्या सहीने दूर होत नाही. फार तर तो आपल्यापुरता सोयीचा होतो. १९९६ पासून लोकांस उपलब्ध असलेले जिंप हे सॉफ्टवेअर कोणासही मोफत व राजरोस वापरता येते. ते आम्ही त्यास सुचविले.

त्याने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि जाता जाता विचारले, “काका, ती परीक्षेची मार्गदर्शके तुम्ही कोणत्या प्रतीवर लिहिता?”

त्या पुस्तकांचे आम्हांस मानधन मिळते. रात्री आम्ही आमच्या सवलतीच्या प्रतीचा परवाना प्रथमच वाचला. द्रव्यार्जनासाठी तिचा उपयोग करू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही पूर्ण किंमत भरली. रक्कम बरीच होती, आणि इतकी वर्षे ती कोण भरीत होते, हा प्रश्न तीत समाविष्ट नव्हता.