लाज कोण शिकवते?



मासिक पाळीचा धडा शाळेत असतो. आपल्या मुली तो पाठ करतात, गुणही मिळवतात. आणि पाळी आली की भामरागड तालुक्यातल्या अनेक माडिया गावांत त्या कुर्माघरात जाऊन राहतात. शरीर निरोगी आहे, असे पुस्तक सांगते. तुझा विटाळ होतो, असे घर सांगते. तेरा वर्षांची मुलगी कोणाचे ऐकेल?

कुर्माघराला नुसती नावे ठेवणे सोपे आहे. तेवढेच चार दिवस कामातून सुटका होते, असे बायकाच सांगतात, आणि तेही खोटे नाही. पण ज्यांच्या घरी कुर्माघर नाही, त्यांनी एवढेच पाहावे: पाळीचा कपडा आपण कुठे वाळत घालतो? लाजेपायी तो अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली वाळतो. ऊन लागत नाही, ओल राहते, खाज सुटते, जंतुसंसर्ग होतो. रात्री बाहेर जायच्या भीतीने मुलगी पाणीच कमी पिते, मग लघवीला जळजळ होते. दुखणे शरीराचे, पण सुरुवात मनात झाली.

हे मोजलेही गेले आहे. गडचिरोलीतल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी केलेला अभ्यास 1989 साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या 650 स्त्रियांपैकी 92 टक्क्यांना स्त्रीरोग होते. त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. म्हणजे कित्येकींनी आजार सोसला आणि गप्प राहिल्या.

उलटेही घडते. अंगात रक्त कमी असले की अभ्यासात लक्ष लागत नाही, चिडचिड होते, आणि आपण त्याला नखरे म्हणतो. सिकलसेलच्या मुलाला थंडी, तहान, अतिश्रम, मनावरचा ताण यांनी वेदना उठू शकतात. त्याला आळशी म्हटले की तो दुखणे लपवायला शिकतो.

मुलांशी असे बोलले तर ती बिघडतील, अशी भीती काही पालक बोलून दाखवतात. आम्हांला ती पटत नाही. आपण गप्प बसलो तरी मुले काहीतरी शिकतातच, मोबाइलवरून आणि सोबत्यांकडून. शोधग्रामच्या ‘तारुण्यभान’ शिबिरांत मुलगे आणि मुली एकत्र बसून शरीराविषयी आणि नात्यांविषयी मोकळेपणी ऐकतात, विचारतात.

संत मार्कच्या शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली स्त्री आहे. ती बरी झाली होतीच. गर्दीतून गुपचूप निघून जाता आले असते. प्रभू येशूने तिला तसे जाऊ दिले नाही. तिने भीत भीत, सर्वांदेखत सारे सांगितले, आणि त्याने तिला मुलगी म्हणून हाक मारली. रक्त आधीच थांबले होते, हे इथे विसरू नये.

आई मुलीला सांगेल, हे धरून चालू. वर्गात मुलीच्या कपड्यावर डाग दिसला की हसणारे मात्र बहुधा मुलगे असतात. त्यांना घरी कोणी काही सांगितलेले नसते. वडिलांनो, तुमच्या मुलाशी या विषयावर कोण बोलणार आहे?