माळ्यावरचा राखणदार

राजूरच्या शिवारात एका म्हातारीचं तीन एकर मक्याचं रान होतं. कणसं भरत आली तशी रानडुकरं येऊ लागली, म्हणून तिनं राखणीला माणूस ठेवला. मधोमध माळा बांधून दिला; बॅटरी, काठी आणि बडवायला पत्र्याचा डबा दिला. चतुर्थीला गणपतीला पायी निघालेल्यांना तो डबा पार रस्त्यापर्यंत ऐकू यायचा.

एका सकाळी म्हातारी आली, तर अर्धा एकर मका भुईसपाट.

"माय, डोळ्याला डोळा लागू दिला नाही," राखणदार तिला बघताच सुरू झाला. "चार फेऱ्या मारल्या. डबा बडवून हाताला फोड आले, हे बघ. शेजारच्या रानात तर काहीच उरलं नाही. एवढ्या मोठ्या रानात थोडंफार जायचंच."

हे बोलणं आपल्या ओळखीचं आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला, १६६ माणसं गेली, आणि मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना होतात, असं राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील ऊर्फ आबा बोलून बसले. आबा एरवी लोकांचा माणूस. पण ते वाक्य लोकांना गिळवलं नाही. १ डिसेंबरला त्यांचा राजीनामा झाला. दिल्लीत शिवराज पाटील चाकूरकरांनी आदल्याच दिवशी गृहखातं सोडलं होतं, पाठोपाठ मुख्यमंत्री विलासराव देशमुख पायउतार झाले. हल्ल्याचे इशारे आधी आले होते. त्यांचं पुढं काय झालं, हे बघायला राम प्रधान समिती बसवावी लागली.

म्हातारीनं हाताच्या फोडांकडे पाहिलंच नाही. "कुपाटी कुठं फुटली?"

"मीच वाईट म्हण की मग. घे तुझी काठी!" त्यानं काठी बांधावर टाकली.

"काठीला काय करू बापा? डुकरं आली ती वाट दाखव."

त्याला ठाऊक नव्हती. दोघं बांधाबांधानं फिरले. नाल्याकडच्या कोपऱ्यात बाभळीच्या फांद्या सरकून माणूस वाकून जाईल एवढं भगदाड पडलं होतं. काट्यांना काळे राठ केस अडकलेले. काही ताजे, काही पावसानं धुऊन भुरे पडलेले. म्हणजे ही वाट कालची नव्हती. चारही फेऱ्या माळ्याभोवतीच झाल्या होत्या. राखणदार पहिल्यांदाच गप्प बसला.

पुढच्या हंगामात म्हातारीनं त्यालाच बोलावलं. आबाही नोव्हेंबर २००९ मध्ये गृहखात्यात परतलेच की! गाव हसलं. तिनं त्याच्या हाती काठी दिली नाही. आधी कोयता दिला आणि नाल्याकाठच्या बाभळींकडे बोट केलं.