हलती जाळी

भातं झोडून झाली, शिमगा जवळ आला, की आमच्या गावात पारधीची भाषा सुरू व्हायची. रान गावचं, सामाईक. तिथे जायला कुणाला कुणाची परवानगी लागत नसे. वन्यजीव संरक्षणाचा कायदा 1972 सालीच झाला होता, पण तो आमच्या वाडीपर्यंत चालत आला नव्हता. आला असला तरी कुणी त्याला बसायला पाट दिला नव्हता.

मी 1977 सालाबद्दल सांगतोय. दहावीची परीक्षा तोंडावर असताना पुस्तक टाकून मी हाकाऱ्यांत गेलो. आम्ही डबे वाजवत, ओरडत रान उठवायचं आणि बंदूकवाल्यांनी वरच्या अंगाला दबा धरून बसायचं. बंदुका ठासणीच्या. एक बार गेला की पुन्हा दारू-छर्रे भरून गजाने ठासेपर्यंत जनावर दुसऱ्या गावात. त्यामुळे संधी एकच, आणि तिची घाई प्रत्येकाच्या बोटात.

त्या दिवशी मुंबईचे चाकरमानी आलेले. शेजारच्या दोन वाड्याही त्याच रानात उतरलेल्या. कोण कुठे बसलंय, कुणालाच धड ठाऊक नाही. हाका चालू असताना माझ्या पायात काटा मोडला. मी ओळ सोडली आणि करवंदीच्या जाळीआड बसून काटा काढू लागलो. काटा निघाला. फांद्या बाजूला सारून उठलो, तर समोर वीस पावलांवर आमचे थोरले काका. बंदूक खांद्याला, घोडा उठलेला, नळी माझ्या छातीवर.

त्यांनी नळी खाली केली. हात थरथरत होते. तेवढ्यात त्यांच्या डाव्या अंगाने भेकर निसटून गेलं.

त्या संध्याकाळी वाटे पडले नाहीत. लोक काकांना हसले. एकाने विचारलं, “जाळी हालत होती, मगे बार कित्याक नाय काढलंस?”

काका एवढंच म्हणाले, “जां दिसला नाय, तेच्यार बार काढूचो नाय.”

जाळीत मी होतो, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. एक वाक्य बोललो असतो तर हसणं थांबलं असतं. पण ओळ सोडल्याबद्दल शिव्या बसतील म्हणून गप्प राहिलो. काका गेले, तरी ते गप्प राहणं मला अजून टोचतं.

पुढे पुष्कळदा विचार केला. बार निघाला असता तर चूक कुणाची? ओळ सोडली मी. गर्दी केली सगळ्यांनी. पण चाप ओढणारं बोट एकाचंच असतं, आणि ते गर्दीच्या नावावर लिहिता येत नाही. डुक्कर समजून माणसावर गोळी सुटली, अशी बातमी अजूनही अधूनमधून पेपरात येते. “समजून” हा शब्द वाचला की मला करवंदीची जाळी दिसते. रान सगळ्यांचं, असं आपण हक्काने म्हणतो. पण सगळ्यांचं म्हणजे तिथल्या प्रत्येक हलत्या जाळीमागे आपलंच कुणीतरी असू शकतं. हक्काबरोबर हेही वाट्याला येतं.

आता माझ्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, मग परत आणायची. जनावर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते, हेही आता कळतं. पण पिकलेलं भात डुकरं लोळवतात तेव्हा कायदा आठवत नाही, हे खोटं कशाला बोलू?

चार वर्षांमागे दसऱ्याच्या आधी मळ्यात राखणीला होतो. मध्यरात्री भात हललं. बॅटरीच्या उजेडात नुसती काळी हालचाल. बंदूक खांद्याला लागली. हाक मारली, “कोण आसा रे?” उत्तर नाही. पुन्हा मारली. नाहीच. नळी खाली केली.

सकाळी पाहिलं तर डुकरांचीच पावलं. अर्धा कुणगा आडवा. बायको बांधावर उभी राहून म्हणाली, “रातभर जागून राखलात काय?”

तेव्हा चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी, त्या आडव्या भातात उभं राहून, मी पहिल्यांदा तिला सांगितलं, की काकांच्या समोरच्या जाळीत कोण होतं.

तिने ऐकून घेतलं. मग पदर खोचला, आणि आम्ही दोघं उरलेलं भात कापायला लागलो.