दयेनें विकत घेतलेला राघू

समजा, शिरड शहापूरच्या वाटेवर एक मनुष्य राघूचीं पिलें टोपलींत झांकून विकावयास नेत असतां आपणांस भेटला. पिसें पुरतीं फुटलेलीं नाहींत, चोंची भुकेनें उघड्या. आपलें मन द्रवतें. आपण पैसे देऊन एक पिलूं घरीं आणितों व त्यास भिजविलेली डाळ चारितों. प्रिय वाचकहो, ही दया झाली काय?

उत्तर देण्यापूर्वीं पांखरूं ओळखावें. ज्वारीच्या कणसांवर थव्यानें उतरतो तो लहान राघू. तो पुष्कळ आहे, व त्याजविषयीं शेतकऱ्याची तक्रार खोटी नाहीं. दुसरा त्याचा थोरला भाऊ, ज्यास बाजारांत पहाडी म्हणतात: शेंपटीसुद्धां सुमारें २ फूट लांब, चोंच जाड व तांबडी, खांद्यावर तांबडा पट्टा. तो बोलावयास लवकर शिकतो, आणि हेंच त्याचें दुर्दैव. जगांतील पक्ष्यांची जी पाहणी होते तींत तो आतां संकटाच्या उंबरठ्यावर असलेल्यांत धरिला आहे. तो काड्यांचें घरटें बांधीत नाहीं. त्यास जुन्या झाडाची ढोली पाहिजे. हिंवाळ्यापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत मादी तींत २ ते ४ अंडीं घालते. पिलें काढणारा पुष्कळदां ढोलीचें तोंडच फोडितो. मग पुढल्या वर्षीं ती कोणाच्याहि उपयोगाची राहत नाहीं.

सरकारनें १९७२ सालीं वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा केला, व १९९०-९१ सालीं देशी पक्ष्यांचा व्यापार अगदीं बंद केला. तरी टोपली फिरते, कारण घेणारा आहे. विकणाऱ्यास दयेचा रुपया व हौसेचा रुपया यांत भेद दिसत नाहीं; दोहोंपैकीं कोणताहि मिळाला तरी तो पुन्हां ढोली शोधावयास जातो.

तर मग तें पिलूं डोळ्यांदेखत मरूं द्यावें काय, असें कोणी विचारील. हा आक्षेप मोठा आहे. आमचें मत असें कीं, विकत न घेतां वनखात्यास कळवावें. परंतु हें लिहिणें सोपें आहे. विकणारा बहुधा ओळखीचाच निघतो, आणि त्याच्या लेंकरांची संध्याकाळची भाकर त्याच टोपलींत असते. त्याची खबर देणारा शेजारी त्यास आपल्या मळ्यांत चार दिवस काम देईल काय? तें न करितां नुसती खबर देणें आम्हांस अर्धेंच काम वाटतें.

ज्याच्या घरीं आधींच पिंजरा आहे त्यानें पश्चात्तापाच्या भरांत दार उघडूं नये. पंख कातरलेला, माणसाळलेला राघू बहुधा मांजराच्या तोंडीं जातो. तोहि वनखात्याच्या हवालीं करावा. आणि बांधावरचें पोकळ झाड जळणासाठीं विकण्यापूर्वीं सकाळच्या वेळीं त्याखालीं उभें राहून, ढोलींतून कोणी डोकावतें काय, हें पहावें.