औषध देणाऱ्या गाईचा गोऱ्हा

मंगरूळपीरच्या शिवारात सोयाबीन निंदताना कुणाला घोणस चावली, तर त्याला जे इंजेक्शन देतात ते घोड्याच्या रक्तातून आलेलं असतं. घोड्याला विष थोडंथोडं टोचायचं, त्याच्या अंगात प्रतिपिंडं तयार झाली की रक्त काढायचं आणि त्यातून औषध बनवायचं. मुंबईच्या हाफकिनने हे काम कित्येक दशकं केलंय. म्हणजे जनावराच्या शरीराचा औषधासाठी कारखाना करावा का, या प्रश्नाचं उत्तर आपण दवाखान्यात बाही वर करून केव्हाच देऊन टाकलंय.

मग गाईच्या दुधात माणसाचं प्रथिन आणायचं म्हटलं की अंगावर काटा का येतो? ‘निसर्गात ढवळाढवळ’ हे कारण मला पटत नाही. आपल्याकडच्या बीटी कापसात मातीतल्या जिवाणूचं जनुक आहे. त्याला २००२ साली परवानगी मिळाली आणि विदर्भाने तो शेतभर पेरला.

दुधातलं औषधही आता नवलाचं राहिलेलं नाही. रक्ताच्या गुठळ्या होण्याचा एक आनुवंशिक आजार असतो. त्यावरच्या, शेळीच्या दुधातून काढलेल्या प्रथिनाला अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळाली. २०१४ मध्ये तिथेच सशाच्या दुधातल्या औषधाला मिळाली. (हो, सशाचंही दूध काढतात.) २०२४ मध्ये ब्राझीलमधल्या एका गाईच्या दुधात मानवी इन्शुलिन आल्याची बातमी सगळीकडे फिरली. ती गाय गाभण राहत नव्हती, हार्मोन देऊन तिला पान्हा आणला, हे मात्र फारसं फिरलं नाही.

माझं घोडं अडतं ते गोऱ्ह्यापाशी. अशा गाया वाढवायच्या तर वासरं होणार, त्यातले निम्मे गोऱ्हे. त्यांच्यातही ते जनुक असू शकतं, पण दूध नाही. असं जनावर बाजारात विकता येत नाही, कुणाच्या ताटात जाऊ देता येत नाही. पऱ्हाटी उपटून बांधावर पेटवता येते. गोऱ्ह्याचं काय करायचं?

नेदरलँड्समध्ये हा प्रश्न खरोखर आला होता. मानवी लॅक्टोफेरिनचं जनुक घातलेला हर्मन नावाचा बैल १९९० मध्ये जन्मला. प्रयोग संपल्यावर त्याला मारा, असं कायदा म्हणत होता. लोक म्हणाले, नाही. तो वाचला, शेवटी लायडनच्या संग्रहालयाच्या आवारात राहिला. २००४ मध्ये सांधेदुखी असह्य झाल्यावर त्याला शांतपणे मरण दिलं.

एका हर्मनसाठी देश हळवा होऊ शकतो. शंभर गोऱ्ह्यांचं गणित वेगळं असतं, आणि ते मंगरूळपीरला कुणी शिकवायला नको. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. २०२४ मध्ये देशी गाईला ‘राज्यमाता’ म्हटलं गेलं. थकलेल्या बैलाची वैरण मात्र ज्याच्या दावणीला तो, त्यानेच आणायची. कायदा करणाऱ्याने पेंडीचा भाव विचारलेला नाही.

म्हणून औषधी गाईला माझा सरसकट विरोध नाही. पण १९८२ पासून माणसाचं इन्शुलिन जिवाणूंकडून बनवून घेता येतं. तिथे गाईला कशाला राबवायचं? आणि जिथे खरंच दुसरा मार्ग नसेल, तिथे कंपनीने औषधाची किंमत मांडताना गोऱ्ह्याची पंधरा-वीस वर्षांची वैरण आधी धरावी. त्याचं दावं कुणाच्या हातात असेल, तेही त्याच कागदावर लिहावं.